पैशाचा चौकोनी पत्ता

भाजीवालीच्या टोपलीजवळ, वाण्याच्या गल्ल्यावर व रिक्षाच्या काचेवर एक काळा-पांढरा चौकोन डकविलेला आपण नित्य पाहतों. त्यास क्यूआर कोड म्हणतात. बाजारांत कोणी त्यास ‘स्कॅनर’ही म्हणतात. तो कसा बनतो व कसा वापरावा, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेणें अगत्याचें आहे. कारण पुष्कळ घरांत वडील मंडळींस हा व्यवहार मुलेंच शिकवितात.

हा कोड १९९४ सालीं जपानांत निर्माण झाला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवतांना उभ्या रेघांच्या बारकोडांत फार थोडी माहिती मावे. देन्सो कंपनींतील मासाहिरो हारा व त्यांचे सहकारी यांनीं रेघांऐवजीं चौकोन योजिला. त्यांत आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनीं माहिती भरतां येते. कंपनीनें वापराबद्दल शुल्क न मागितल्यामुळें तो जगभर पसरला.

त्याची रचना चौकटीच्या कागदावर काढून पाहण्याजोगी आहे. सर्वांत लहान कोडाच्या प्रत्येक बाजूस २१, म्हणजे एकंदर ४४१ घरें असतात. तीन कोपऱ्यांत ७ घरें लांब व ७ घरें रुंद असे ठसठशीत चौकोन असतात. कॅमेरा प्रथम हेच शोधतो. चौथ्या कोपऱ्यांत तसा चौकोन नसल्यामुळें कागद उलटा धरला तरी वरची बाजू कोणती, हें त्यास कळतें. इतर घरांत काळें म्हणजे १ व पांढरें म्हणजे ० अशा अंकांनीं मजकूर लिहितात. मजकूर वाढला कीं प्रत्येक पायरीस बाजू ४ घरांनीं वाढते. ४० व्या पायरीस ती १७७ घरांची होते. शिवाय गणितानें काढलेले पडताळ्याचे जादा अंक आंत भरलेले असतात. त्यामुळें सर्वांत मजबूत प्रकारांत सुमारें ३० टक्के मजकूर पुसला गेला तरी तो पुन्हां जुळवितां येतो. भोंवतालची कोरी कड मात्र कापूं नये. तिच्यावांचून कॅमेरा गोंधळतो.

भारतांत २०१६ सालीं यूपीआय ही पद्धति सुरू झाली. ज्यास पैसे घ्यावयाचे असतील त्यानें आपलें बँकेचें खातें यूपीआयच्या ॲपास जोडावें. ॲप त्याचा कोड तयार करून देतें. त्यांत घेणाऱ्याचा यूपीआय पत्ता व नांव असतें. दुकानांत कायमच्या लावलेल्या कोडांत बहुधा रक्कम नसते, ती गिऱ्हाइकानें लिहावयाची. प्रत्येक बिलासाठीं नव्यानें निघणाऱ्या कोडांत रक्कमही असते. देणाऱ्यानें कोड टिपावा, नांव वाचावें, रक्कम पाहावी व मगच आपला गुप्त पिन घालावा.

ध्यानांत ठेवावें कीं, कोडांत पैसा नसतो. पाकिटावर असतो तसा केवळ पत्ता असतो. पत्ता बदलला तर पत्र भलत्याच घरीं जातें. एखाद्या भामट्यानें भाजीवालीच्या कोडावर आपला कागद चिकटविला, तर गिऱ्हाइकें प्रामाणिकपणें पैसे देतील, आणि तिची दिवसभराची कमाई मात्र त्याच्या खात्यांत जाईल! चिन्ह कोणी लावलें, हें कॅमेऱ्यास ठाऊक नसतें. म्हणून पिन घालण्यापूर्वीं विचारावें, “मावशी, हें नांव तुमचेंच ना?” कोड तिच्या मुलाच्या नांवाचा असला तर ती तसें सांगेल.

‘बक्षीस मिळालें आहे, कोड टिपून पिन घाला,’ असें कोणी सांगितल्यास तो ठक समजावा. पैसे घेण्यासाठीं पिन कधींच लागत नाहीं. दुकानदारानेंही गिऱ्हाइकाच्या पडद्यावरील हिरव्या खुणेवर विसंबूं नये. आपल्या खात्यांत रक्कम जमा झाल्याची खात्री करावी. फसवणूक झालीच, तर लाज न धरितां तत्काळ बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावें; विलंब झाला कीं पैसा एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत सरकत जातो.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या ओळखीच्या विक्रेत्यांस एवढें अवश्य शिकवा: रोज सकाळीं दुकान मांडतांना दुसऱ्या फोननें आपला कोड टिपून नांव तपासावें. त्यास अर्धें मिनिट पुरतें. आपण शिकलेली विद्या कोणाच्या कष्टाचा पैसा राखण्यास उपयोगीं पडली, तर तिचें चीज झालें असें समजावें.