टेरिअर जातीचा लहान कुत्रा : त्याचा स्वभाव व आहार

पांझरेपलीकडचें देवपूर आतां धुळें शहरांतच मोडतें. परंतु तेथें राहून बाहेरचा मळा पाहणारीं कुटुंबें अद्याप आहेत. मळ्यावर राखणीस कुत्रा ठेवण्याची रीत त्यांस नवी नाहीं. घरांत मुलांच्या सोबतीस टेरिअरसारखा लहान कुत्रा आणण्याची हौस मात्र अलीकडची. आणि मळ्यावरच्या कुत्र्याचाच अनुभव त्यास लावल्यानें नुकसान होतें, असें आमचें मत आहे.

टेरिअर हें नांव भूमिवाचक लॅटिन शब्दावरून आलें. बिळांत शिरून कोल्हा बाहेर काढावा, उंदीर मारावे, या कामासाठींच इंग्लंडांत या जाती निपजविल्या गेल्या. डेव्हन परगण्यांतील पाद्री जॉन रसेल यांनीं एकोणिसाव्या शतकांत असेच कुत्रे पैदा केले. जॅक रसेल हें जातीचें नांव त्यांच्यावरूनच पडलें. बिळांत धन्याचा हुकूम ऐकूं येत नाहीं; तेथें कुत्र्यास आपल्याच बुद्धीनें वागावें लागतें. म्हणून हा प्राणी धीट, चौकस व बराच हट्टी असतो. त्यानें अंगण उकरलें किंवा कोंबडी धरली, तर तो बिघडला असें समजूं नये. तो आपला पिढीजात धंदा करीत असतो. सकाळ-संध्याकाळ फिरविल्यास व खेळविल्यास खोडी पुष्कळ कमी होतात. मळ्यांत त्यास मोकळा सोडूं नये. तो सापासही भीत नाहीं, आणि तेथें धीटपणाच त्याचा घात करतो.

मुलांशीं तो खेळकर असतो, पण शेपूट ओढलेली त्यास खपत नाहीं. जेवतांना वा झोपेंत त्यास हात लावूं नये, हें मुलांस आधीं शिकवावें. लहान मूल व कुत्रा यांस एकटें सोडूं नये. पिल्लूं तीन महिन्यांचें होतांच रेबीजची लस टोंचावी, व पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें ती नियमानें द्यावी.

आहाराविषयीं मोठी चूक मापाची होते. सात किलो वजनाच्या वाढलेल्या कुत्र्यास दिवसास सुमारें ४५० ते ५०० किलोकॅलरी पुरतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी सुमारें ३५० देते. म्हणजे दोन भाकऱ्या घातल्या कीं तो लठ्ठ होणार, आणि मांसवर्धक द्रव्य तर कमीच पडणार! अर्धी भाकरी कुस्करून तींत एक उकडलेलें अंडें, शंभर ग्रॅम हाडें काढलेलें शिजविलेलें कोंबडीचें मांस व थोडें साधें वरण मिसळून दोन वेळांत द्यावें. वाढत्या पिल्लास कॅल्शियम व फॉस्फरस यांचें प्रमाण जुळावें लागतें. तें घरच्या अन्नांत साधणें कठीण, म्हणून पहिल्या वर्षी पशुवैद्यास विचारून तयार खाद्य देणें बरें.

आपल्या पानांतलें उष्टें मात्र त्यास घालूं नये. शेवभाजी, भरीत यांत कांदा-लसूण असतो, आणि कांद्यानें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. शिजविल्यानें हा दोष जात नाहीं. सात किलोच्या कुत्र्यास एक लहान कांदाही बाधूं शकतो. द्राक्षें व मनुका यांनीं मूत्रपिंडें निकामी होतात, चॉकलेटही विषारी आहे. शिजविलेल्या हाडाचे तुकडे आंतड्यांत रुततात. वरण-बट्टीवरील तुपाची धार पाहुण्यांस शोभते, कुत्र्यास नव्हे.

वैशाखांत खान्देशांतील ऊन माणसासही सोसवत नाहीं, मग ज्यास घाम जवळजवळ येतच नाहीं त्या प्राण्याची काय कथा? फिरविणें सूर्योदयापूर्वी उरकावें.

शेवटीं विषाविषयीं. घुशी व उंदीर मारण्यास शेतकरी झिंक फॉस्फाइडचें आमिष ठेवतात. पोटांतील आम्लाशीं त्याचा संयोग होऊन फॉस्फीन वायु निघतो. इतर कुत्रे मेलेला उंदीर कदाचित् हुंगून सोडतील, टेरिअर तो उचलणारच. म्हणून हा कुत्रा जेथें हिंडतो तेथें आमिष ठेवूं नये, पिंजरा लावावा. शेजाऱ्यानें विष ठेवलें असल्यास चौकशी करून कुत्रा बांधून ठेवावा. विष खाल्ल्याची शंका येतांच दूध, तूप किंवा भाकरी चारीत बसूं नये. अन्नानें आम्ल वाढून वायु अधिक निघण्याचें भय असतें. विषाचें पाकीट बरोबर घेऊन तत्काळ पशुवैद्याकडे जावें, आणि वाटेंत गाडीच्या कांचा उघड्या ठेवाव्या, कारण ओकारीबरोबर निघणारा वायु माणसासही बाधतो.