पट्टा बसला, भूक मात्र तशीच!

प्रश्न : महिन्यापूर्वी वजन घटविण्यासाठी जठरावर पट्टा बसवून घेतला. आरंभी वजन उतरले. आता काटा हलत नाही आणि जेवून दोन तास होताच भूक लागते. शस्त्रक्रिया फसली काय?
— एक वाचक भगिनी, केबिन रोड, भाईंदर (पूर्व)

उत्तर : भगिनी, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. पट्टा म्हणजे भुकेवर बजावलेला मनाई-हुकूम नव्हे. जठराच्या वरच्या भागाभोवतीचे हे सिलिकोनचे कडे प्रारंभी बहुधा सैल ठेवतात आणि साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, त्वचेखालील कुपीत सुईने क्षारजल भरून, ते टप्प्याटप्प्याने आवळतात. तोवर जुनी भूक परतणे स्वाभाविकच आहे. आरंभीची घट मुख्यत्वे पातळ आहाराची. पुढे आठवड्यास सरासरी अर्धा ते एक किलो उतरले, तरी प्रगती यथायोग्य समजावी.

शल्यचिकित्सकांकडून आवळणीची तारीख मुक्रर करून घ्यावी. दरम्यान पानातले मासे, अंडे वा पनीर आधी, भात मागाहून, असा क्रम ठेवावा, घास बारीक चावावा आणि जेवताना व नंतर अर्धा तास पाणी टाळावे. लस्सी, आइस्क्रीम पट्ट्याला सहज चकवून खाली उतरतात (स्टेशनापासून घरापर्यंत अशी दुकाने किती, हे आपणास सांगणे नकोच).

मात्र पट्टा अधिक आवळण्याचा हट्ट धरू नये. वारंवार उलटी, रात्री झोपेत खोकला, तीव्र पोटदुखी किंवा पाण्याचा घोटही न उतरणे, यांपैकी काही झाल्यास हयगय न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. क्षारजल काढून पट्टा तत्काळ सैल करता येतो.