दोन शेजारी

मुलांनो, मुंबईचे ‘गेट वे ऑफ इंडिया’ तुम्ही चित्रात तरी पाहिले असेलच. त्या काठाला अपोलो बंदर म्हणतात. तेथे दोन जुने शेजारी आहेत. त्यांची ही गोष्ट.

पूर्वी मुंबईच्या बंदरात कोकणातून पडाव येत. कुवेतची गलबते खजूर घेऊन येत. समुद्र कोणालाही अडवत नसे. पण काठावरच्या एका इमारतीचे दार सर्वांसाठी उघडत नसे.

ती होती यॉट क्लबची इमारत. यॉट म्हणजे हौसेने फिरण्याची शिडाची होडी. हा क्लब १८४६ साली इंग्रजांनी स्थापन केला. पुढे १८८० च्या सुमारास त्यांनी येथे सुंदर क्लबघर बांधले. साहेबलोक हिरवळीवर बसून समुद्राची हवा खात. त्यांना चहा आणून देणारे नोकर भारतीय असत. पण भारतीय माणसाला सभासद होता येत नसे, मग तो कितीही शिकलेला असो!

मग शेजारी दुसरी इमारत उभी राहिली. ती जमशेटजी टाटा यांनी बांधवली. सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी तिचा आराखडा केला. १६ डिसेंबर १९०३ रोजी तेथे ताजमहाल हॉटेल सुरू झाले. येथे भारतीयांनाही खोली मिळे. भाडे मात्र भारी होते. गरिबाला ते परवडत नसे.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. १९४९ साली डॉ. होमी भाभा यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था जुन्या क्लबघरात आली. जेथे भारतीयांना सभासद होता येत नव्हते, तेथेच भारतीय शास्त्रज्ञ अणूचा अभ्यास करू लागले! १९६२ साली संस्था कुलाब्याच्या नव्या इमारतीत गेली.

यॉट क्लब आजही आहे. तो जवळच्याच दुसऱ्या जुन्या इमारतीत भरतो. आता त्याचे सभासद भारतीय आहेत. त्यांचे पाहुणे तेथे हॉटेलात उतरावे तसे उतरतात.

तुम्हीही खेळताना गट करता ना? ‘तू आमच्यात नाहीस’ असे कोणाला म्हणण्यापूर्वी या बंद दाराची आठवण ठेवा.

शब्दार्थ
पडाव – माल नेणारी मोठी होडी
आराखडा – बांधकामाचा नकाशा

स्वाध्याय
१. यॉट म्हणजे काय?
२. ताजमहाल हॉटेल केव्हा सुरू झाले?
३. जुन्या क्लबघरात १९४९ साली कोणती संस्था आली?
४. तुमच्या गावातील एका जुन्या इमारतीची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.