पद्मिनीचा कार्बोरेटर : खर्च कुठे, फसगत कुठे

प्रीमियर पद्मिनी सिग्नलला बंद पडते, चोक ओढल्याशिवाय रेस घेत नाही, धुराला पेट्रोलचा वास येतो. तरीही कार्बोरेटर लगेच उघडू देऊ नका. आधी टॅपेट, प्लग-पॉइंट आणि टायमिंग तपासून घ्या. ते बिघडलेले असतील, तर कार्बोरेटरवर केलेला खर्च वाया जातो.

सुटे भाग : पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउस किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड. जाताना आरसीची प्रत आणि कार्बोरेटरवरच्या नंबराचा फोटो न्या. गॅस्केट, नीडल व्हॉल्व्ह आणि डायफ्रॅमचे किट काही शे रुपयांत मिळते. जेट शाबूत असतील तर बदलू नका.

मजुरी : खोलणे, धुणे, जोडणे आणि ट्युनिंग, सगळे एकाच रकमेत ठरवा. नाहीतर ट्युनिंगचे पैसे शेवटी वेगळे लागतात. साधे काम दिवसभरात होते.

छुपा खर्च : थ्रॉटल शाफ्ट. इंजिन बंद ठेवून त्याचे टोक बोटांनी हलवून पाहा. खडखडत असेल, तर तिथून हवा ओढली जाते आणि नवे किट घालूनही आयडलिंग जागेवर येत नाही. मग लेथवर बुश बसवणे आले. त्याचे पैसे आणि वेळ वेगळा, म्हणून गाडी सोडण्यापूर्वीच विचारा. पितळी फ्लोटही कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका आहे.

शॉर्टकट नकोत : जेटमध्ये तार घालू देऊ नका, भोक मोठे होते आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते. जेटला क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. गॅस्केटच्या जागी सिलिकॉन लावू देऊ नका. त्याचे तुकडे जेटमध्ये अडकतात. ई-२० पेट्रोलमुळे जुने रबर फुगते, त्यामुळे पेट्रोलचे पाइप याच वेळी बदला. ‘नवाच कार्बोरेटर टाका’ असा सल्ला मिळाला, तर जुना न विसरता परत घ्या; मूळ बॉडी दुरुस्त होऊ शकते.

शेवटची चाचणी : मिक्स्चर इंजिन तापल्यावरच लावायचे. नंतर पीयूसी काढा. बीएस-२ पूर्वीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे आणि पीयूसी नसल्यास दंड १०,००० रुपयांपर्यंत होऊ शकतो. आकडा मर्यादेत आल्यावरच मेकॅनिकचे उरलेले पैसे द्या.