पानाचे नाव आणि शब्दशक्ती : 'मॅजिक : द गॅदरिंग'मधील नामकरणाचा विचार

पत्त्यांच्या पारंपरिक खेळांत पानाला स्वतंत्र नाव नसते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा, अशी १२० पाने असतात. परंतु रंग व श्रेणी सांगितली की पानाची ओळख पूर्ण होते. रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेल्या आणि १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या संग्राह्य पत्त्यांच्या खेळाने ही व्यवस्था बदलली. येथे नाव हाच पानाच्या ओळखीचा आधार होय. चित्र बदलले तरी नाव तेच असेल तर पान तेच मानले जाते. आणि मूलभूत भूमीची पाने वगळता एकाच नावाची चारांहून अधिक पाने खेळाडूला आपल्या कॅटमध्ये सहसा ठेवता येत नाहीत. नाव हे अशा प्रकारे नियमाचेच अंग ठरते.

एकदा योजलेले नाव दुसऱ्या पानाला द्यावयाचे नाही, या संकेताचा भाषिक परिणाम दूरगामी आहे. 'लाइटनिंग बोल्ट', 'जायंट ग्रोथ' ही पहिल्या संचातील नावे निव्वळ अभिधेवर उभी आहेत. पान काय करते ते नावातच आले. असे सरळ शब्द लवकरच खर्ची पडले. 'ग्रिझली बेअर्स' हे नाव आधीच गेल्यामुळे तेवढ्याच बळाच्या अस्वलाला २००९ मध्ये 'रूनक्लॉ बेअर' व्हावे लागले. कल्पित स्थलनामे, षष्ठीची रूपे, जोडशब्द यांचा आश्रय त्यातूनच वाढला. क्वचित विनोदही दिसतो. १९९६ मधील 'फेल्डाग्रिफ' हे नाव गारफील्ड आणि पीएच.डी. यांच्या रोमन अक्षरांची उलटापालट करून बनले आहे. पदवीचा इतका निरुपद्रवी उपयोग विद्यापीठीय जगातही विरळाच.

व्यंजनेचा प्रश्न मात्र गंभीर आहे. १९९४ च्या 'लेजंड्स' संचातील 'क्लेन्झ', म्हणजे शुद्ध करणे, हा शब्द स्वतः निर्दोष आहे. काळा हाही खेळातील पाच रंगांपैकी एक रंग. तथापि त्या नावाखाली 'सर्व काळे जीव नष्ट करा' असा नियम छापला गेला, तेव्हा दोहोंच्या सान्निध्यातून वंशसंहाराचा अर्थ ध्वनित झाला. जून २०२० मध्ये प्रकाशकांनी अधिकृत स्पर्धांतून बाद केलेल्या सात पानांत हे पान होते. त्याच संचातील 'प्रदेश जिप्सीज' हेही होते. रोमा समाजाला अवमानकारक वाटणाऱ्या शब्दाला येथे 'प्रदेश' हे आपले साधे सामान्यनाम केवळ परकेपणाचा नाद म्हणून चिकटवले आहे.

२०१६ च्या 'कलादेश' संचात भारतीय शब्द अर्थासह घेण्याचा प्रयत्न झाला. तेथील चंद्रा ही नायिका खेळात २००७ पासून असून ती अग्नीची उपासक आहे. मराठी वाचकाला चंद्र शीतल. परंतु मूळ धातूचा अर्थ प्रकाशणे असा असल्याने रूढार्थाने विसंगत वाटणारे हे नाव यौगिक अर्थाने टिकते. 'कलादेश'ची अडचण वेगळी होती. रोमन लिपीत कला, कळा, काळा आणि हिंदीतील काला यांचे लेखन एकच होते. वर्णाचा पूर्वग्रह मुरलेल्या समाजात कलेचा देश काळा देश म्हणून ऐकला जाणे अटळ होते. २०२५ च्या 'एथरड्रिफ्ट' संचात त्या जगाचे नाव 'आविष्कार' झालेले दिसते.

आद्य 'आ'ची दीर्घता रोमन लिपीत पुन्हा हरवली. अर्थात आपल्या उत्तरपत्रिकांतही ती नेहमी सापडते असे नाही. हिंदीत आविष्कार म्हणजे नवा शोध, आणि यंत्रे घडविणाऱ्यांच्या त्या जगाला तो अर्थ चपखल बसतो. मराठीने मात्र संस्कृतातील प्रकट होणे हा अर्थ जपला असून समीक्षेत 'कलाविष्कार' हा समास रुळलेला आहे. त्यामुळे प्रकाशकांनी वगळलेला 'कला' हा शब्द मराठी वाचकाच्या मनात नव्या नावामागे पुन्हा उमटतो.