जिमीकाकाच्या जागेवरून

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय भाचेबुवा,



परवा रात्री पाऊण वाजता तुझा फोन वाजला तेव्हा मामी म्हणाली, "एवढ्या रात्री होस्टेलच्या पोराचा फोन म्हणजे एक तर ताप, नाही तर पैसे." दोन्हीही नव्हतं. तुम्ही सहा जणांनी एका लॅपटॉपभोवती बसून 'उडान' बघितला होता आणि तुझं म्हणणं होतं की मामा, ही माझीच गोष्ट आहे. एम-थ्रीचा, म्हणजे गणिताचा, पेपर कोरा ठेवायचा, बॅग भरायची, मुंबई गाठायची, हे सगळं तू एका दमात सांगून टाकलंस. मी अर्धवट झोपेत "सकाळी बोलू" म्हणालो. सकाळी तू फोन उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. आणि खरं सांगू का, फोनवर तू मधे मधे बोलतोस. पत्रात तुला ते जमणार नाही.

आज दुपारी मी आणि मामीने तो सिनेमा पुन्हा बघितला. पहिल्यांदा बघितला होता २०१० च्या जुलैत, थिएटरात. तू तेव्हा बालवाडीत होतास. विक्रमादित्य मोटवाने या दिग्दर्शकाचा हा पहिलाच सिनेमा आणि तो कानच्या महोत्सवात जाऊन आलाय, एवढं पेपरात वाचून मी भट्टीवरच्या दोन मित्रांना ओढत नेलं होतं. मध्यंतरात चहा घेताना त्यातला एक म्हणाला, "पोरगं बरंय, पण बाप लई वंगाळ." त्यावर आमची चर्चा संपली. त्या दिवशी चाळिशीला आलेला मीसुद्धा अडीच तास सतरा वर्षांचा रोहनच होतो. रोहन पळाला तेव्हा माझ्याच पायांत गोळे आले. तेव्हा तुला तसं वाटलं यात तुझं काहीच चुकलं नाही. तो सिनेमा बनवलाच आहे तसा.

पण आज बघताना मला एक वेगळीच गंमत दिसली. ती नंतर सांगतो. आधी एम-थ्री.

रोहनही इंजिनिअरिंगला नापास होतो. पुढे काय होतं ते तू नीट बघितलंस का, की तोवर डोळ्यांत पाणी आलं होतं? त्याचं कॉलेज सुटतं आणि बाप त्याला पूर्ण वेळ कारखान्यात जुंपतो. म्हणजे नापास होऊन तो सुटत नाही, उलट बापाच्या हातात आयतं कोलीत देतो. आता तुझं बघ. कोऱ्या पेपरने तुला केटी लागेल. अजून काही विषय राहिले तर वायडी, म्हणजे वर्षच अडकलं. वर्षभर घरी बसशील, बाबांसमोर, त्यांच्याच पैशांनी घेतलेल्या खुर्चीत. बंड करायचं तर माझी ना नाही, पण ज्या बंडाने आपलीच बाजू लंगडी होते त्याला आमच्याकडे बंड म्हणत नाहीत, रुसवा म्हणतात.

दुसरं, तुला लाइट्सचं काम करायचंय. मग फिल्म इन्स्टिट्यूटचं माहितीपत्रक एकदा तरी उघडून बघितलंस का? तुझ्या होस्टेलपासून सायकलने जाता येईल इतकी ती जवळ आहे. कॅमेऱ्याच्या नाही तर दिग्दर्शनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिथे पदवी लागते, शाखा कुठलीही चालते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयालाही पदवी लागते, वर नाटकांत काम केल्याचा अनुभव. म्हणजे ज्या कागदाच्या तुला नुसत्या वासाने मळमळतं, तोच पुढच्या दाराची किल्ली आहे. रोहनला कविता आणि गोष्टी लिहायच्या होत्या. त्याला वही पुरत होती. तुला डिमर बोर्ड लागतो.

आता बाबांचं. तू म्हणालास, "आमच्याकडेही एक भैरवसिंग आहे." हे वाक्य मला आवडलं नाही. रोनित रॉयने तो बाप असा उभा केलाय की त्याला फिल्मफेअर मिळालं, ते योग्यच झालं. पण त्याचं घर आठव. पोराला सिमल्याच्या शाळेत ठेवून आठ वर्षं बाप एकदाही भेटायला गेला नाही. घरी आल्यावर मुलाने त्याला 'सर' म्हणायचं. रोज पहाटे पळायला न्यायचं आणि पोराला हरवायचं. सहा वर्षांच्या अर्जुनला इतकं मारायचं की त्याला दवाखान्यात न्यावं लागतं, आणि वर सांगायचं, जिन्यावरून पडला. आणि तुझे बाबा? तुझ्या पहिल्या सेमला खोलीत ढेकूण झाले म्हणून रात्रीच्या एसटीने औषध घेऊन आले होते ते.

तरीही त्यांची सगळीच बाजू मी घेणार नाही. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायला आपण तिघे नेटकॅफेत गेलो होतो, आठवतं? माउस त्यांच्या हातात होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळीकडे मेकॅनिकल भरलं त्यांनी. तू शेजारच्या स्टुलावर बसून टेबलाचा सनमायका नखाने उचकटत होतास. त्यांनी एकदाही मान वळवून तुला विचारलं नाही. हे चुकलं, आणि त्याबद्दल तुला बोलायचा हक्क आहे. पण न विचारणारा बाप आणि मारणारा बाप एका तराजूत घातलेस तर तुझी खरी तक्रारही कुणी ऐकणार नाही. ज्यांना खरोखर भैरवसिंग मिळालाय अशी पोरं तुझ्या होस्टेलात असतील. ती सिनेमा संपल्यावर गप्प बसलेली असतात, मामाला फोन करत नाहीत. त्या सहा जणांत कोण गप्प होतं, जरा आठवून बघ.

मधेच एक माझी तक्रार लिहून घे. या सिनेमात कारखाना म्हणजे नुसता तुरुंग. मी बत्तीस वर्षं शिरोलीच्या फाउंड्रीत काढली. आमच्याकडे एक जण होता, लॅडलमधल्या मेटलवरचा स्लॅग बाजूला सारायचा. मेटलच्या रंगाकडे नुसतं बघून सांगायचा, "गार पडतंय, आता ओतू नका." नव्याने आलेलं तापमान मोजायचं यंत्र लावून बघितलं की आकडा त्याच्याच बाजूने यायचा. त्याला कुणी कैदी म्हटलं असतं तर त्याने सळई उगारली असती. ज्याच्यावर कारखाना लादला त्याला तो तुरुंग, हे कबूल. पण मेकॅनिकलच्या वर्गात तुझ्या पुढच्या बाकावर एखादा असेल ज्याला लेथवर खरोखर आनंद होतो. त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघू नकोस.

आता ती गंमत. आज बघताना मी रोहन झालोच नाही. प्रयत्न केला, जमलं नाही. सबंध सिनेमाभर माझे डोळे जिमीकाकावर खिळले होते. भैरवसिंगचा धाकटा भाऊ, राम कपूरने केलाय तो. प्रेमळ, गोल, हसरा. पुतण्याला लिहायचंय हे त्याला कळतं, भावाच्या घरात काय चाललंय तेही कळतं. तो बोलूनही बघतो. पण भैरवसिंग एकदा खेकसला की काकाचं बोलणं संपतं. काका आपल्या घरी जातो, मुलं मात्र त्याच घरात राहतात. मामीच्या लक्षात आलं बहुतेक, कारण तिने मधेच विचारलं, "पाणी देऊ का?"

तुला हे कुणी सांगितलं नसेल. तुझी आई चित्रं काढायची. रांगोळीबिंगोळी म्हणत नाही मी. एलिमेंटरी, इंटरमीजिएट दोन्हीला ए ग्रेड. रंकाळ्याच्या काठावर बसून म्हशी काढायची. पाण्यात बसलेली म्हैस, वर फक्त पाठ आणि शिंगं. पाण्याची रेघ पाठीला जिथे टेकते तिथे ती कागद कोराच सोडायची, आणि तिथेच पाणी दिसायचं. १९९४ साली बारावी झाल्यावर तिला मुंबईला जे. जे. त जायचं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, दोन वर्षं नोकरीत, पगार अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, हातात देणारा, म्हणजे घरात माझ्या शब्दाला वजन होतं. रात्री पानावर तिने विषय काढला. अण्णा म्हणाले, "मुंबईला एकटी पोरगी ठेवायची नाही. बी. कॉम. कर." आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं. आजीनेही बघितलं. आणि मी आमटी मागितली.

एवढंच झालं. कुणी रडलं नाही, कुणी दार आपटलं नाही, कुणी कुणाच्या गाडीच्या काचा फोडल्या नाहीत. तिने बी. कॉम. केलं, लग्न झालं, तू झालास, चिमी झाली. ती सुखात नाही असं मी म्हणत नाही. तिने मला कधी बोलूनही दाखवलं नाही. पण आमटीची वाटी पुढे करणारा माझा तो हात मला अजून दिसतो. अण्णा भैरवसिंग नव्हते. त्यांना कुणीतरी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, आणि विचारू शकणारा माणूस भुरके मारत बसला होता.

तुमच्या वयात असले सिनेमे बघताना प्रत्येक जण नायकाच्या जागेवर जाऊन बसतो. सहा जण बघत होतात ना, सहाही रोहन. अर्जुन कुणीच नाही, जिमीकाका तर नाहीच नाही. मला वाटतं, तुला खरंच मोठं व्हायची घाई असेल तर तोच सिनेमा अजून एकदा बघ आणि या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी जागी बसून बघ. अर्जुनच्या जागी बसलास तर आपल्या घरात एक दहावीची मुलगी आहे हे तुझ्या लक्षात येईल. तू पेपर कोरा ठेवून पळालास तर बाबा पुढचा फॉर्म कुणाचा भरतील आणि माउस किती घट्ट धरतील, याचा विचार कर. रोहनची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो एकटा जात नाही. एकदा निसटल्यावर धाकट्यासाठी परत येतो, बापाने दिलेलं पिढीजात घड्याळ चिठ्ठीसोबत मागे ठेवतो आणि पोराचा हात धरून निघतो. (मामीने मात्र शेवटी विचारलंच, "आणि त्या लेकराचा शाळेचा दाखला कोण काढणार?" तिच्यासाठी सिनेमा तिथे सुरू झाला होता.)

अजून एक प्रसंग राहिला. दवाखान्यातला. अर्जुन खाटेवर पडलाय, बाप कामासाठी बाहेरगावी गेलाय आणि रोहन त्याला गोष्टी सांगतोय. हळूहळू आजूबाजूचे पेशंट, नर्स, डॉक्टर सगळे ऐकायला जमतात. बघ हं, तो लेखक मुंबईला जाऊन झाला नाही. तो जमशेदपूरच्या त्या वॉर्डात झाला, नापासाचा निकाल डोक्यावर असताना, एका आजारी पोराला झोप यावी म्हणून.

तुझाही तसा एक प्रसंग मी बघितलाय, तुला न सांगता. ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या प्राथमिक फेरीला मी भरत नाट्य मंदिरात आलो होतो. कंपनीच्या कामाने पुण्यात होतो, संध्याकाळ मोकळी होती. तुमच्या पोरांनी "आव्वाज कुणाचा" करून माझे कान बसवले. मग अंधार झाला, आणि तुमच्या एकांकिकेतली ती म्हातारी शेंगा फोडत बसते ना, तिथे तू सगळा रंगमंच काळोखात ठेवून फक्त तिच्या हातांवर उजेड टाकला होतास. चेहऱ्यावर नाही, हातांवर. माझ्या शेजारचा मुलगा मोबाईल बघत होता, त्याने तो खिशात टाकला. बक्षिसाच्या यादीत तुमचं नाव आलं नाही ते मला माहीत आहे. पण मला म्हशीच्या पाठीजवळ कोरा सोडलेला कागद आठवला आणि मी तुला न भेटता निघून आलो. भेटलो असतो तर तुझ्या मित्रांसमोर काहीतरी वेड्यासारखं बोललो असतो.

तर आता कामाचं. एम-थ्री दे, पास होण्यापुरतं तरी. दिवाळीला घरी येशील तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी विषय काढू नकोस, त्या दिवशी बाबा दुकानाच्या हिशेबाने आधीच वैतागलेले असतात. भाऊबीजेला मी येतोच. संध्याकाळी जेवायला बसलो की तू बोल. "मला नाही जमणार" असं बोलू नकोस. पदवी पूर्ण करतो, त्यानंतर मला हे करायचंय, त्याचा खर्च इतका, प्रवेश परीक्षा अशी असते, असं बोल. कागदावर लिहून आण. बाबा दुकानदार आहेत, त्यांना कागद दाखवला की ते चष्मा लावतात, आणि चष्मा लावला की निदान वाचतात.

ते पहिल्या वेळी नाही म्हणतील. म्हणू देत. दुसऱ्यांदा मी विचारणार आहे. आईला सांगून ठेव, माझ्या पानात आमटी आधीच भरपूर वाढ म्हणावं.

तुझा,
मामा

ता. क. : मामीने चकलीची भाजणी पाठवलीय, ती आईकडे द्यायची आहे, होस्टेलात कच्ची खायची नाही. आणि त्या सहा जणांतला जो गप्प होता, त्याला दिवाळीत दोन दिवस आपल्याकडे घेऊन ये.