ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचा 'घूंऽऽ' आवाज : काहीही खोलण्याआधी कसा शोधायचा?



"साठच्या पुढे गेलं की खालून घूंऽऽ असा आवाज येतो. गिअरबॉक्स गेला का हो?" हा प्रश्न घेऊन ग्राहक आला की आपल्यातले बरेच जण पहिली चूक तिथेच करतात. कानाने आवाज ऐकतात आणि लगेच उत्तर देऊन टाकतात. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत हे फार महागात पडतं. साध्या पुढच्या चाकांच्या गाडीपेक्षा इथे फिरणारे भाग जास्त असतात: ट्रान्सफर युनिट, लांब प्रोपेलर शाफ्ट, सेंटर बेअरिंग, कपलिंग, मागचं डिफरन्शियल, मागचे दोन ॲक्सल. आवाज बॉडीतून फिरत फिरत भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो. चुकीचा भाग खोलला, ग्राहकाने पैसे भरले आणि आवाज तसाच राहिला, तर तो ग्राहक परत येत नाही. तो गावभर सांगतो ते वेगळंच.

म्हणून आजच्या धड्याचा मुद्दा एकच. आवाज कुठून येतो हे नंतर बघायचं. आवाज कशाबरोबर बदलतो हे आधी बघायचं.

1. आधी ग्राहकाला पाच प्रश्न

जॉब कार्डवर हे पाच प्रश्न छापूनच ठेवा.

- आवाज किती वेगाला सुरू होतो आणि किती वेगाला थांबतो?
- रेस दिल्यावर वाढतो, की रेस सोडल्यावर?
- वळताना बदलतो का? डावीकडे की उजवीकडे?
- अलीकडे टायर, ऑइल, क्लच, सस्पेन्शन यांचं काही काम झालं आहे का?
- गाडी पाण्यातून गेली होती का?

मग ग्राहकाला शेजारी बसवून चक्कर मारा. "हाच तो आवाज" हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. आपण एक आवाज दुरुस्त करतो आणि ग्राहक दुसऱ्याबद्दलच बोलत असतो, असं अनेकदा होतं.

2. रोड टेस्ट : चार साध्या चाचण्या

मोकळा, सरळ रस्ता निवडा. रेडिओ, एसी बंद. वेग मोबाइलच्या जीपीएसवर बघा, कारण स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवतो.

*पहिली चाचणी, गाडी उभी ठेवून.* न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या. आवाज आला तर तो इंजिनाच्या बाजूचा आहे: अल्टरनेटर, बेल्टचा आयडलर, टर्बो, पॉवर स्टीअरिंग पंप. क्लच दाबल्यावर आवाज जात असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट बाजूचं बेअरिंग बघा. अशा वेळी गाडीच्या मागच्या बाजूला हात लावायचं कारणच नाही.

*दुसरी चाचणी, वेग तोच आणि गिअर वेगळा.* साठला चौथ्या गिअरमध्ये आवाज ऐका, मग साठलाच पाचव्यात. एकाच गिअरमध्ये येत असेल तर गिअरबॉक्समधल्या त्या गिअरच्या जोडीवर संशय घ्या. दोन्हीकडे सूर तोच असेल तर आवाज गिअरबॉक्सच्या पुढचा आहे, म्हणजे जे भाग रस्त्याच्या वेगाने फिरतात त्यांचा.

*तिसरी चाचणी, रेस द्या, सोडा, तोलून धरा.* गिअरचे दात ओझ्याखाली असतानाच जास्त बोलतात. रेस देताना वाढणारा आणि सोडल्यावर कमी होणारा आवाज, किंवा याच्या उलट, हे क्राउन-पिनियनचं लक्षण आहे. रेसने काहीच फरक पडत नसेल तर हब बेअरिंग किंवा टायर आधी तपासा. न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळवूनही बघता येतं, पण इंजिन बंद करायचं नाही. ब्रेक आणि स्टीअरिंगची मदत त्यावरच चालते.

*चौथी चाचणी, हलकं डावं-उजवं.* पन्नासच्या आसपास, रस्ता रिकामा असताना गाडी हळुवार झुलवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर उजव्या बाजूचं हब बेअरिंग बघा. डांबरीवरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला तर टायर.

3. गाडीची रचना माहीत हवी

'फोर बाय फोर' म्हणून सगळ्या गाड्यांना एकच नियम लावू नका.

रेनो डस्टरची ऑल-व्हील-ड्राइव्ह घ्या. यात कपलिंग मागच्या डिफरन्शियलजवळ असतं. कळ टू-व्हीलवर फिरवली तरी प्रोपेलर शाफ्ट फिरतच राहतो, फक्त मागच्या गिअरवरचं ओझं जातं. म्हणून ही कळ फुकटचं निदान यंत्र आहे. टू-व्हीलवर आवाज कमी झाला तर मागच्या क्राउन-पिनियनकडे बोट जातं. तसाच राहिला तर शाफ्ट, सेंटर बेअरिंग, ट्रान्सफर युनिट अजून यादीत आहेत. "टू-व्हीलवर टाकलं तरी आवाज आहे, म्हणजे मागचा भाग ठीक" हा निष्कर्ष चुकीचा.

थार, जिम्नी या पार्ट-टाइम गाड्या. यांत सेंटर डिफरन्शियल नसतं. कोरड्या रस्त्यावर फोर-हाय लावून वळवली की गाडी अडखळते, टायर ओरडतात. तो बिघाड नाही, ग्राहकाला वापर समजावून सांगायची गोष्ट आहे.

2009 मध्ये आलेली पहिली फॉर्च्युनर फोर बाय फोर ही फुल-टाइम, सेंटर डिफरन्शियलवाली. अशा गाडीत एक शाफ्ट काढला तर सेंटर लॉक लावल्याशिवाय सगळी ताकद मोकळ्या बाजूला निघून जाते आणि गाडी हलत नाही.

होंडा सीआर-व्हीच्या जुन्या ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये मागे ड्युअल पंप असतो. त्याचं ऑइल जुनं झालं की घट्ट वळणावर मागून घोगरा कण्हल्यासारखा आवाज येतो. त्यात होंडाचं ठरावीक ड्युअल पंप ऑइलच लागतं, साधं गिअर ऑइल चालत नाही. ऑइल नीट बदलल्यावर हा आवाज बहुतेक वेळा जातो. इथे डिफरन्शियल खोलून बसलात तर ग्राहकाचे पैसे वाया.

4. मोबाइलवर आवाजाचा आकडा

हा भाग व्हिडिओत घाईत झाला होता, म्हणून इथे नीट लिहितो.

215/65 आर16 टायरचा घेर साधारण 2.15 मीटर. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला 16.7 मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे 8 वेळा फिरतं. समजा पिनियनला 10 आणि क्राउनला 41 दात आहेत. मग प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला सुमारे 32 वेळा फिरेल आणि दातांचा सूर सुमारे 317 हर्ट्झ असेल.

मोबाइलवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं कोणतंही ॲप घ्या. साठला 317 च्या जवळ टोक दिसलं आणि ऐंशीला ते 423 च्या जवळ सरकलं, तर क्राउन-पिनियनवरचा संशय पक्का होत जातो. वेग बदलूनही टोक जागचं हललं नाही, तर एखादा पत्रा किंवा ब्रॅकेट कंप पावतोय का ते बघा. दातांची संख्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने नको. ॲप हा एक साक्षीदार आहे, निकाल नाही.

5. टायर मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही

आपल्याकडे सवय काय? दोन टायर आता टाकू, दोन पुढच्या वर्षी. ऑल-व्हील-ड्राइव्हला ही सवय मारक आहे.

हिशोब बघा. नव्या टायरची खाच 8 मिमी आणि जुन्याची 5 मिमी, म्हणजे फरक 3 मिमी. घेरात हा फरक साधारण 19 मिमी होतो. दर किलोमीटरला जुनी चाकं नव्यांपेक्षा 4 फेरे जास्त फिरतात. 4.1 च्या रेशोने पिनियनच्या बाजूला हा फरक सुमारे 17 फेरे होतो. पुणे ते कोल्हापूर साधारण 230 किलोमीटर, म्हणजे जवळपास 3,900 फेरे. कपलिंग लागलेलं असताना ही सगळी घसरण त्यालाच सोसावी लागते. ते तापतं, ऑइल जळतं आणि मग आवाज.

डेप्थ गेज घ्या, चारही चाकांची खाच मोजा, हवा बघा, आकडे जॉब कार्डवर लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

6. आता गाडी वर घ्या

चारही चाकं जमिनीपासून वर हवीत. दोनच चाकं जॅकवर घेऊन गाडी गिअरमध्ये टाकली तर खाली टेकलेली चाकं गाडी पुढे ढकलतील. यात माणूस जाऊ शकतो. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. लिफ्टवर चाकं खाली लोंबतात, ॲक्सलचे कोन बदलतात, म्हणून जॉइंटच्या आवाजाला फसू नका.

स्टेथोस्कोपने सेंटर बेअरिंग, पिनियनची बाजू, डिफरन्शियलची बाजू असं ओळीने ऐका. फिरत्या शाफ्टपासून हात आणि कपडे लांब ठेवा. मग इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये, कॉइल स्प्रिंगवर हात ठेवून चाक हाताने फिरवा. बेअरिंग खराब असेल तर खरखर स्प्रिंगमध्ये जाणवते. वीस मिनिटांच्या चकरीनंतर चारही हबचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. एकच हब वेगळं तापत असेल तर आधी ब्रेक चिकटत नाही ना हे बघा, मग बेअरिंग.

7. ऑइल काय सांगतं

पातळी, वास, रंग आणि प्लगचं चुंबक. चुंबकावर बारीक राखाडी लगदा असेल तर ती नेहमीची झीज. चकचकीत कपचे किंवा सुयांसारखे तुकडे असतील तर दात किंवा बेअरिंग तुटतंय. ऑइल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. पावसाळ्यात पाण्यातून काढलेल्या गाडीत हे हमखास बघा. ब्रीदरही बघा. तो चिखलाने बंद झाला की आत दाब वाढतो, सील गळतं, ऑइल कमी होतं आणि मग दात ओरडायला लागतात.

एक उदाहरण सोडवू

समजा डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्ह आली आहे. साठला आवाज. चौथ्या-पाचव्यात सूर तोच. झुलवल्यावर फरक नाही, रस्ता बदलल्यावर फरक नाही. रेस सोडली की कमी, टू-व्हीलवर टाकली की आणखी कमी. टायर चारही सारखे. आता पहिला संशय मागच्या डिफरन्शियलवर. वर घेतल्यावर पिनियनचं सील ओलं, ऑइल कमी, ब्रीदर बंद.

मग काय करायचं? ब्रीदर साफ, सील नवं, योग्य ग्रेडचं ऑइल आणि पुन्हा तीच रोड टेस्ट. पण ग्राहकाला आधीच सांगा: झिजलेला दात ऑइलने भरून येत नाही. आवाज कमी होईल, कदाचित पूर्ण जाणार नाही. राहिला तर क्राउन-पिनियनचा खर्च वेगळा. हे वाक्य कामाआधी सांगितलं तर सल्ला, नंतर सांगितलं तर सबब.

चुंबकावर कपचे असतील, डिफरन्शियल हात लावता येणार नाही इतकं तापत असेल, तर गाडी चालवत पाठवू नका. पिनियन जाम झाला तर चालत्या गाडीची चाकं अडकू शकतात. गाडी न्यायची असेल तर चारही चाकं वर, फ्लॅटबेडवर.

निदानाचे पैसे घ्या

या सगळ्याला दीड-दोन तास जातात. ते फुकट दिले की मन नकळत "काहीतरी खोलून बिल करू" इकडे वळतं. त्यापेक्षा निदानाची फी आधी सांगा, जॉब कार्डवर लिहा आणि बदल्यात ग्राहकाला एक कागद द्या: काय तपासलं, काय ठीक निघालं, कशावर संशय आहे आणि का. "गिअरबॉक्स ठीक आहे" हे लेखी मिळालेला ग्राहक फी देताना कुरकुर करत नाही, कारण त्याचा मोठा खर्च तुम्ही वाचवलेला असतो.

या आठवड्याचा गृहपाठ: पाच प्रश्न आणि चार चाचण्या एका पानावर लिहून टेस्ट ड्राइव्हच्या किल्ल्यांजवळ चिकटवा. पुढची आवाजाची गाडी आली की मिस्त्रीला तोंडी उत्तर विचारू नका, भरलेलं पान मागा.

भेटू पुढच्या धड्यात.